विंचवाचा जबडा

संपादकांची मागणी साधी होती. मराठीतल्या हसवणाऱ्या भयपटांवर दिवाळी अंकासाठी लिहा, पण मुंबईतल्या त्याच त्या मुलाखती नकोत. माझ्या डोक्यात तेव्हा किल्लारी होतं. औसा तालुक्यातल्या या गावात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बोलकी बाहुली घेऊन आसपासच्या शाळांत कार्यक्रम करतात आणि ती बाहुली ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूची आहे, असं लातूरच्या एका मित्राकडून ऐकलं होतं. गुरुजींना आपलं नाव छापलेलं नको आहे. गाव त्यांना गुरुजीच म्हणतं, मीही तेच म्हणेन.

सिनेमाची कथा बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. महेश कोठारे यांनी निर्मिती आणि दिग्दर्शन केलेला ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने मरताना त्याचा आत्मा एका बाहुलीत शिरतो. मग माणसाचं शरीर परत मिळवण्यासाठी ती बाहुली भोळ्या लक्ष्याच्या मागे लागते. लक्ष्या अर्थातच लक्ष्मीकांत बेर्डे, इन्स्पेक्टर खुद्द कोठारे, लक्ष्याची आई मधू कांबीकर आणि तात्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुलीला संपवायचं तर गोळी दोन भुवयांच्या बरोबर मध्ये लागायला हवी. पुढे १९९५ मध्ये हाच सिनेमा ‘खिलौना बना खलनायक’ म्हणून हिंदीत गेला आणि २०१३ साली थ्रीडीमध्ये दुसरा भाग निघाला.

तात्याच्या नावातच विंचू आहे, आणि खुनी किड्यांच्या सिनेमांची जगात मोठी परंपरा आहे. १९५४ च्या अमेरिकन ‘देम!’मध्ये अणुचाचणीने राक्षसी झालेल्या मुंग्या होत्या. १९९० च्या ‘अरॅक्नोफोबिया’मध्ये कोळी एका गावाला भंडावून सोडतात आणि प्रेक्षक हसतही राहतो. २०१२ साली राजामौलींनी ‘ईगा’मध्ये एका माशीलाच सूड घ्यायला लावलं. मराठी प्रेक्षकाला मात्र नांगी असलेला खलनायक विचारलात तर तो एकच नाव घेईल. आणि तो खलनायक एक बाहुली आहे.

‘झपाटलेला’च्या मूळ कल्पनेचं बीज १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’त आहे. त्यातला चकी हा खुनी बाहुला केव्हिन याघर यांनी घडवला. त्याचा चेहरा दूरनियंत्रकाने हलवायला माणसांचा एक ताफा असे, बाहुली चालवणाऱ्यांना खाली दडता यावं म्हणून सेट जमिनीपासून उंच उचलून बांधले होते आणि काही दृश्यांत बाहुलीच्या पोशाखात एड गेल हा ठेंगणा अभिनेता होता. मराठी निर्मात्याला एवढा लवाजमा स्वप्नातही परवडणारा नव्हता. ज्या वर्षी ‘ज्युरासिक पार्क’चे डायनासोर संगणकातून बाहेर आले, त्याच वर्षी आपल्याकडे एका माणसाने बाहुली घडवली आणि आपल्या हातांनी ती जिवंत केली. तो माणूस म्हणजे रामदास पाध्ये, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. वडील य. के. पाध्ये यांच्याकडून त्यांना शब्दभ्रमाची, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करण्याची कला आणि अर्धवटराव हा बोलका बाहुला, दोन्ही वारशाने मिळाले. तात्या विंचूत यंत्रविद्या आणि शब्दभ्रम या दोन्ही विद्या एकत्र आल्या आहेत. कलावंत इंजिनिअर नसता तर ती बाहुली पडद्यावर इतकी चपळ दिसली नसती, असं माझं ठाम मत आहे. या कामाचं श्रेय आपण अजून नीट दिलेलं नाही.

गुरुजींनी ‘झपाटलेला’ १९९३ च्याच उन्हाळ्यात लातूरला पाहिला. परत येताना एसटीत त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता: तोंड कसं हलतं? बाहुली बोलते हे त्यांना ठाऊक होतंच, अर्धवटराव त्यांनी दूरदर्शनवर पाहिला होता. पण ‘आ’ला तोंड मोठं उघडायचं, ‘ई’ला जेमतेम, आणि वाक्य संपलं की अजिबात आवाज न करता मिटायचं, हे कोणत्या युक्तीने साधतं ते त्यांना शोधून काढायचं होतं. तेव्हापासून ते त्या एका जबड्याच्या मागे आहेत. ही त्यांची बाहुली पहिली नव्हे. आधीची डोकी माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आहेत. कुणाचा जबडा वाकडा, कुणाची हनुवटी चिरलेली.

त्यांनी डोकं उघडून दाखवलं. कवटी कागदाच्या लगद्याची. लगद्यात मेथ्यांचं पीठ, आपल्याकडे बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या टोपल्या करतात त्याच कृतीचं. मानेच्या जागी लाकडी दांडा, बाहुलीच्या पाठीतून हात घालून धरायचा. दांड्यावर अंगठ्यासाठी एक खटका. खटक्यापासून जबड्यापर्यंत सायकलच्या ब्रेकची वायर. खालचा जबडा सागाच्या फळीतून कापलेला, दोन्ही कानांशी सायकलच्या आऱ्याच्या तुकड्यावर झुलणारा. आत एक स्प्रिंग. अंगठा दाबला की तोंड उघडतं, सोडला की स्प्रिंग ते मिटवते. ऐकायला सोपं वाटतं. पण स्प्रिंग ताठ असेल तर दहा मिनिटांत अंगठा भरून येतो आणि जबडा मिटताना टक्क वाजतो. स्प्रिंग सैल असेल तर जबडा लोंबतो आणि बाहुली मेल्यासारखी दिसते. तो ‘टक्क’ हा गुरुजींचा जन्माचा वैरी आहे. पहिल्या रांगेतल्या पोराच्या कानावर तो पडला की खेळ संपला, कारण मग पोरगं बाहुलीकडे पाहत नाही, गुरुजींच्या हाताकडे पाहतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तर तो उन्हाळ्यात चिकटतो आणि तोंड उघडताना ‘पच’ असा आवाज येतो. शेवटी जुन्या चपलेच्या आतला मऊ कातड्याचा पापुद्रा काढून त्यांनी जबड्याच्या कडेला चिकटवला. मी कान लावून ऐकलं. काहीही ऐकू आलं नाही.

मग त्यांनी बाहुली हातावर घेतली आणि बोलायला लागले. शब्दभ्रमात आवाज पोटातून येतो अशी समजूत आहे, ती खरी नाही. आवाज घशातूनच येतो. जीभ मागे ओढलेली, घसा आवळलेला, श्वास सावकाश सोडलेला, ओठ किंचित विलग आणि स्थिर. बाकीचं काम पाहणाऱ्याचा मेंदू करतो. ज्याचं तोंड हलतं त्याच्याकडून आवाज येतोय असं तो धरून चालतो. अडचण येते ती प, फ, ब, भ, म या अक्षरांची. ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. तिथे जिभेने त, थ, द, ध, न यांच्या जवळचा आवाज काढून वेळ मारून न्यावी लागते. गुरुजी ‘बाप रे’ म्हणाले तेव्हा मला ‘बाप रे’च ऐकू आलं. पुन्हा म्हणायला लावलं, त्यांच्या ओठांवर नजर रोखली, तेव्हा कुठे त्यातला ‘द’ सापडला. सिनेमात प्रभावळकरांना ही चिंता नव्हती, पण तिथे वेगळंच अवघड होतं. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचा, तरी दोघं मिळून एकच दुष्टपणा दिसायला हवा.

“पोरं भ्यायलेत बी आन् हसायलेत बी,” गुरुजी म्हणाले. “दोन्ही एकदमच व्हायला पायजे बघा. नुसतं भ्यालं तर रडतंय, नुसतं हसलं तर विसरतंय.”

हे ऐकून मला पैठण आठवलं. तिथल्या एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड सोळाव्या शतकातलं. गाणारा वेदनेने वळवळतो, उड्या मारतो, समोरची माणसं पोट धरून हसतात, आणि नाथ काम-क्रोधाच्या विषाबद्दल सांगून जातात. विंचवाच्या भीतीतून हसू काढायची विद्या मराठवाड्याने या सिनेमाच्या चारशे वर्षं आधीच मिळवली होती. कोठारेंनी मुंबईत जे केलं त्याची पाळंमुळं मला तरी या मातीत दिसतात.

इथे विंचू खरा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. किल्लारीची जुनी घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. दगडांच्या सांदीत विंचू राहत. अंथरूण झटकल्याशिवाय निजायचं नाही, चपला आपटल्याशिवाय घालायच्या नाहीत, हे तिथल्या लेकरांना चालायला लागल्यापासून शिकवलं जाई. लाल विंचवाचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर घाला घालतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला वर्षानुवर्षं असे रुग्ण पाहिले, त्यांच्या खाटेजवळ रात्री जागवल्या आणि प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने ते वाचतात हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली त्यांचा निबंध आला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी लाल विंचू चावलेलं पोर दगावणं ही नेहमीची गोष्ट होती.

आणि त्याच भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, पण एवढे जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडांनी. गुरुजींनी त्यानंतर बाहुली कित्येक दिवस बाहेर काढली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरत होती. कोणी हसवावं असं कुणाला वाटत नव्हतं. मग एका मुलानेच विचारलं, गुरुजी, तुमचा तात्या वाचला का? तो वाचला होता, पेटीमुळे. त्यांनी काढला. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आताच्या अडचणी मात्र ते मोकळेपणाने सांगतात. पहिली अडचण म्हणजे किडे. बाहुलीच्या डोक्यात मेथी असली तरी कसर कापडाला लागतेच, सागाला नाही तर त्याला जोडलेल्या हलक्या लाकडाला भुंगा पोखरतो आणि पावसाळ्यात पेटीला खालून वाळवी लागली की एका रात्रीत लगदा फस्त होतो. मागच्या तात्याचा डावा हात असाच गेला. पेटी आता विटांवर ठेवलेली असते, आत कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. तरी दर महिन्याला सगळं उन्हात काढावं लागतं, आणि उन्हात जास्त राहिलं तर रंगाला भेगा पडतात.

हीच गत मोठ्या प्रमाणावर सिनेमांच्या रिळांची आहे. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट खोलीत पडून राहिली की तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आकसते, सुरकुतते, आणि मग यंत्रातून चालवता येत नाही. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जुन्या फिल्मचं डिजिटल रूपांतरही सुरू आहे. तरी लोकप्रिय, विनोदी, जत्रेत चालणाऱ्या मराठी सिनेमाला ‘जतन करण्याजोगं’ मानायला आपण अजून बिचकतो, याची मला काळजी वाटते. आणि सिनेमाच्या नुसत्या प्रतीने भागणार नाही. बाहुलीच्या डोक्यात वायर कुठून कुठे गेली हे पडद्यावर दिसत नाही. ते नकाशे, ते साचे, ती हत्यारं, ते बिघडलेले जबडे कुणी ठेवले नाहीत तर पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. पाध्यांच्या घरी निदान पुढची पिढी आहे. रामदासांचे चिरंजीव सत्यजित हे सनदी लेखापाल असूनही शब्दभ्रमकार झाले. गुरुजींच्या घरात तसं कोणी नाही. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो आला की वडिलांना नवी स्प्रिंग आणून देतो, एवढंच.

स्प्रिंगचंही सोपं नाही. जुन्या टॉर्चमधली मऊ स्प्रिंग जबड्याला बरोबर बसायची, ते टॉर्च आता मिळत नाहीत. बॉलपेनची फार लवकर दमते. लातूरच्या भंगाराच्या दुकानांत गुरुजी डब्याडब्यांतून हात घालून एकेक स्प्रिंग बोटांत दाबून पाहतात. दुकानदारांना वाटतं हे काहीतरी मोठं यंत्र बनवतायत.

शिकायला येणाऱ्यांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. आवाज सगळ्यांना हवा असतो. मोबाइलवर पाहून पोरं ओठ न हलवता दोन वाक्यं बोलून दाखवतात, शाबासकी घेतात आणि निघून जातात. करवत, कानस, लगदा भिजत घालणं, तो वाळेपर्यंत चार दिवस थांबणं, याला कोणी तयार नसतं. गुरुजींच्या मते नुसता आवाज आला म्हणजे अर्धीच विद्या आली, कारण विकतच्या बाहुलीचा जबडा विकणाऱ्याच्या अंगठ्याच्या मापाचा असतो. सध्या एकच शिष्या टिकली आहे, सातवीतली. तिचा ‘म’ गुरुजींपेक्षा स्वच्छ निघतो, हे मी ऐकलं आहे. तिला स्वतःचा जबडा कापायचा आहे, सागाची फळीही आणून ठेवली आहे. पण पोरीच्या जातीने सुतारकाम कशाला, हात कापून घेईल, असं घरचे म्हणतात. सोयाबीनची रास उरकली की गुरुजी तिच्या आजोबांशी बोलायला जाणार आहेत. आजोबा त्यांचेच विद्यार्थी आहेत.