सुमो बंद झाली, आमची चालू आहे

टाटा मोटर्सनं २०१९ साली सुमो बनवणं थांबवलं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट लोकांच्या लक्षात यायला बराच वेळ गेला, कारण रस्त्यावर काही फरकच पडला नाही. कळंबच्या बाजाराला, येरमाळ्याच्या यात्रेला, तुळजापूरच्या घाटात सुमो दिसायच्या तशा दिसतच राहिल्या. शोरूममधून गाडी गेली तरी गावातून ती जायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्या मधल्या वर्षांत ती सांभाळणाऱ्यांना काय काय बघावं लागतं, ते मला सांगायचं आहे.

आमची सुमो व्हिक्टा २००९ची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, सोयाबीनच्या आणि उसाच्या पैशांत कर्जाची भर घालून घेतली. पांढरा रंग, एमएच-२५चा नंबर. पुढं दोघं, मधल्या सीटवर तिघं आणि मागं समोरासमोरच्या आडव्या बाकांवर चौघं. मामा गेल्यानंतर गाडी मी चालवते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे हे आणि धाकटे दीर शेती बघतात. शाळेतल्या सहकारी मला नेहमी विचारतात, कंपनीनं बंद केलेली गाडी अजून कशाला ठेवलीय? विकून एखादी नवी छोटी घ्या की.

छोटी घेतली तर आमचं घर तिच्यात बसत नाही, हे पहिलं उत्तर. दोन भावांचं एकत्र कुटुंब, सासूबाई म्हणजे आत्या, चार लेकरं. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायचं आणि तिथं चुन्याचे खडे वेचायचे, तर सगळ्या बायकांना जायचं असतं. नवरात्रात तुळजापूरला गर्दीत बस पकडायची तर म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. आणि देवाधर्माचं सोडलं तरी दवाखाना आहेच. आमच्याकडं मोठा आजार निघाला की वाट सोलापूरची; कॅन्सरचं निदान झालं तर बार्शीची. मामांचं शेवटचं वर्ष बार्शीच्या फेऱ्यांत गेलं. मधली सीट पूर्ण त्यांना आडवं व्हायला, पुढं मी आणि हे, मागं आत्या आणि शिदोरी. अॅम्ब्युलन्स प्रत्येक फेरीला परवडत नसते. म्हणून मोठी गाडी आमच्याकडं हौसेची वस्तू नाही.

ती बंद का झाली, हेही समजून घ्यायला हवं. सुमो १९९४ साली आली. टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून तिचं नाव ठेवलं. तिचा सांगाडा त्याच कंपनीच्या आधीच्या टाटामोबाईल पिकअपच्या घराण्यातला, म्हणजे खाली जाड चेसी आणि वर बॉडी. पंचवीस वर्षं हा साचा चालला. मग नियम बदलले. १ जुलै २०१९पासून नव्या गाडीत ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे सेन्सर बंधनकारक झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही धडक चाचणीचे नियम लागू झाले आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६चे प्रदूषण नियम आले. इतकं सगळं जुन्या साच्यात बसवण्याचा खर्च निघाला नसता. नियम माणसं वाचवण्यासाठी होते आणि ते योग्यच होते, हे मी आधीच सांगून ठेवते.

मोठ्या कुटुंबाची गाडी बंद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. टोयोटाची क्वालिस २०००च्या सुरुवातीला आली आणि २००५ साली, चांगली खपत असतानाच, इनोव्हासाठी तिला बाजूला केलं. शेवरोले टवेराची तर कंपनीच निघून गेली. जनरल मोटर्सनं २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. म्हणजे एकाच प्रश्नाचे तीन प्रकार झाले. क्वालिसच्या मागं कंपनी राहिली आणि तिची वारसदार गाडीही आली. सुमोची कंपनी आहे, पण तशी थेट वारसदार गाडी नाही. टवेरावाल्यांच्या मागून कंपनीनंच दुकान आवरलं. जुनी गाडी घेणाऱ्यानं आपली गाडी या तिन्हींतली कुठली, हे आधी बघावं.

गाडी बंद झाली की सुटे भाग संपतात, असं सर्रास बोललं जातं. अनुभव वेगळा आहे. सुटा भाग बाजारात किती वर्षं मिळेल, हे त्या भागाची आणखी कुठल्या गाड्यांना गरज आहे यावर ठरतं. आमच्या व्हिक्टाचं २९५६ सीसीचं डीआय इंजिन टाटाच्या ४९७ घराण्यातलं आहे. त्याच घराण्याची इंजिनं २०७ पिकअपमध्ये आणि ४०७ टेम्पोत बसलेली आहेत. आता आमच्या जिल्ह्यात ४०७ कुठं नाही? कांदा, द्राक्षं, कडबा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच जातं. म्हणून फिल्टर, गॅस्केट, पिस्टन-रिंग, वॉटर पंपाचं किट असला माल धाराशिवात मिळतो, आणि नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी सोलापुरातून येतो. दुकानात मी आधी गाडीचं नाव सांगत नाही. जुना भाग पिशवीतून काढून काउंटरवर ठेवते आणि त्यावरचा नंबर वाचून दाखवते. 'सुमोचं नाही' म्हणणारा दुकानदार तोच भाग कितीदा तरी पिकअपच्या खोक्यातून काढून देतो.

आमचे मिस्त्री, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, त्यांचं म्हणणं असं: ''मॅडम, इंजिन मरत नाही. रबर मरतं, काच मरते, पत्रा मरतो.'' हे अक्षरशः खरं आहे. मराठवाड्याच्या उन्हात दाराचं बीडिंग दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं. मग पावसात पाणी आत येतं, पायाखालच्या मॅटखाली साचतं आणि तिथून पत्रा खालून कुजायला लागतो. वरून गाडी चकाचक दिसते. म्हणून पावसाळा संपला की आम्ही सगळी मॅट काढून दोन दिवस दारं उघडी ठेवतो आणि खालून गंजरोधक मारून घेतो. या एका कामानं आमच्या गाडीचं आयुष्य जितकं वाढलं, तितकं दुसऱ्या कशानंही वाढलं नसेल. होज पाईप, ब्रेकचे रबरी पाईप आणि डिझेलचे पाईप मी गळायची वाट बघत नाही. नरम पडले किंवा चिरा दिसल्या की बदलते. ते स्वस्त असतात आणि बाजारात सर्वसाधारण मापात मिळतात.

अवघड जातं ते फक्त त्याच मॉडेलला बसणाऱ्या गोष्टींचं. मागच्या खिडकीची काच, हेडलाईटचा पूर्ण संच, डॅशबोर्डवरची प्लास्टिकची झाकणं, दाराचे हँडल, मीटर. यांना ४०७ मदत करू शकत नाही. त्यासाठी सोलापूरच्या जुन्या मालाच्या दुकानांत फिरावं लागतं, किंवा कुणाची व्हिक्टा भंगारात निघाल्याचं कानावर आलं की लगेच जावं लागतं. आम्ही एका सुमोची हेडलाईटची जोडी, दोन काचा आणि चारही दारांचे हँडल असेच घेऊन माळवदावर पोत्यात बांधून ठेवलेत. पुढंमागं लागणारच आहेत. बुश आणि पिनांचं मात्र लेथवाला बघतो; जुना नमुना दिला की तो पितळेचा किंवा लोखंडाचा करून देतो. स्टेअरिंगचे बॉल जॉइंट आणि ब्रेकचा माल मात्र मी लेथवर करवून घेत नाही, की स्वस्तातला बिनशिक्क्याचाही घेत नाही. तिथं कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचाच हवा, मग चार दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल.

खरी टंचाई पुढं येणार आहे ती हाताची. आमच्या इंजिनाचा डिझेल पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा. तो कानानं आणि धुराच्या रंगावरून ओळखावा लागतो. गॅरेजात नवी पोरं येतात ती स्कॅनर जोडून गाडीचं दुखणं वाचायला शिकतात, आणि त्यांनी तेच शिकायला हवं, कारण पोट त्यावर चालणार आहे. पण आमच्या गाडीला स्कॅनर जोडायला जागाच नाही. चाचांची साठी उलटली. त्यांच्या हाताखाली एक मुलगा आहे, त्याला मी मुद्दाम आमच्याच गाडीचं काम देते. चाचा शेजारी स्टुलावर बसून सांगतात आणि तो करतो. वेळ दुप्पट जातो, पैसे तेवढेच. बंद झालेली गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आता कागदांचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०२४ साली संपली. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत नमुना २५चा अर्ज करायचा, गाडी आरटीओत दाखवायची, तपासणीत पास झाली की पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. लोक याला रिपासिंग म्हणतात. ही फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून चारचाकीला ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती १०,००० केली गेली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्यागणिक दंड चढतो. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली गेली, ती ऐकून इकडंही बरेच जण घाबरून गाडी कवडीमोलानं विकतात. आपल्याकडं तशी सरसकट बंदी नाही. गाडी तपासणीत पास झाली पाहिजे, एवढंच.

विम्याचं थोडं वेगळं आहे. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता २०२२पासून ७,८९७ रुपये आहे आणि तो भरावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका कंपनीनं वय सांगून नाकारला. दुसरीनं गाडीची पाहणी करून दिला, पण किंमत इतकी कमी धरली की आम्हीच तो घेतला नाही. पाच वर्षांनंतर गाडीची विमा-किंमत दोघांच्या संमतीनं ठरते, हे लक्षात ठेवून बोलावं. हप्त्याचे वाचलेले पैसे आम्ही पोस्टात वेगळे टाकतो. तो गाडीचा दुरुस्तीचा फंड.

हे सगळं जमतं. जे जमत नाही, ते सुरक्षेचं. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि ते नंतर बसवता येत नाही. मागच्या आडव्या बाकांवर बेल्ट नाहीत. लेकरांना ती जागा सगळ्यांत आवडते, कारण समोरासमोर बसून पत्ते खेळता येतात. पण आमच्या अंगणातून निघून धुळे-सोलापूर महामार्गाला लागलं की गाड्यांचा वेग आता पूर्वीचा राहिलेला नाही. चौपदरी रस्त्यानं सगळ्यांनाच वेगात आणलंय. आडवं बसलेलं मूल जोरात ब्रेक लागल्यावर कुठं जाऊन आदळेल, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून आमच्या घरात नियम आहे: महामार्गावर मागचा बाक फक्त सामानाला. यात्रेला सगळे जायचे असतील तर लेकरं पुढं-मधी बेल्ट लावून, आणि उरलेली मोठी माणसं एसटीनं. आत्यांना हे पटायला वेळ लागला. ''नऊ जणांची गाडी घेऊन पाच जणच न्यायचे?'' असं त्या म्हणायच्या. त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. तरी मी ऐकलं नाही, आणि ऐकणार नाही. वेग सत्तरच्या पुढं नाही, रात्री शक्यतो प्रवास नाही, टायर पाच वर्षांच्या वर वापरायचे नाहीत, नक्षी शिल्लक असली तरी.

कुणी अशी गाडी जुन्यात घ्यायला निघाला असेल, तर इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नये. मॅट उचलावी, दारांच्या खालच्या कडा बोटांनी दाबाव्यात, चेसीवर वेल्डिंगची ठिगळं आहेत का ते गाडीखाली जाऊन बघावं. नोंदणीची मुदत किती उरली ते पाहावं. आणि तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ती गाडी उघडून परत जोडणारा माणूस आहे का, याची चौकशी करावी. माणूस नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. विकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. गाडी तशीच भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहिली तर पुढची जबाबदारीही तुमच्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. नव्या खासगी गाडीच्या करात त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

आमच्या गाडीची मुदत २०२९पर्यंत आहे. तेव्हा ती वीस वर्षांची होईल आणि लेकरं स्वतःची स्वतः फिरायला लागलेली असतील. चेसी धड असेल तर पुन्हा पासिंग करू. पत्रा खालून गेलेला निघाला, तर माळवदावरचं पोतं दुसऱ्या कुणा व्हिक्टावाल्याला देऊ आणि गाडी स्क्रॅप केंद्रात जमा करू.