आज्ञावलीचे गाठोडे

संगणकाचे काम आज्ञावलीवाचून चालत नाही, हे सर्वश्रुत आहे. परंतु एके ठिकाणी लिहिलेली आज्ञावली दूरच्या यंत्रावर सुखरूप पोहोचते कशी आणि तेथे नांदू लागते कशी, याचा विचार सहसा होत नाही. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरांच्या बाबतीत हे कार्य ‘पॅकेज’ नावाचे गाठोडे करते.

इयान मरडॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन प्रकल्पाचे उदाहरण घेतल्यास ही रचना स्पष्ट होईल. डेबियनच्या गाठोड्यात तीन जिन्नस असतात. पहिला म्हणजे बांधणीच्या पद्धतीचा क्रमांक सांगणारी छोटी फाइल. दुसऱ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला लागणाऱ्या अन्य पॅकेजांची यादी आणि मांडणीच्या आधी व नंतर करावयाच्या कृतींच्या सूचना असतात. तिसऱ्यात प्रत्यक्ष यंत्रावर ठेवावयाच्या फायली असतात. व्यवस्थापकाने स्वहस्ते बदललेली सेटिंगची फाइल नव्या आवृत्तीने परस्पर पुसू नये, अशीही तजवीज या रचनेत आहे.

गाठोडे बांधावयाचे ते कोऱ्या वातावरणात, असा दंडक आहे. बांधणाऱ्याच्या यंत्रावर एखादी लायब्ररी योगायोगाने आधीच असली आणि तिची नोंद यादीत राहून गेली, तर तेथे सुरळीत चालणारी आज्ञावली अन्यत्र कोलमडते. कोऱ्या वातावरणात अशी उणीव तत्काळ उघडकीस येते.

तयार गाठोड्याचा गणिती ठसा एका यादीत नोंदवला जातो, आणि त्या यादीच्या सत्यतेची हमी सांकेतिक स्वाक्षरीने दिली जाते. वाटेत एक अक्षर बदलले, तरी ठसा जुळत नाही. मात्र स्वाक्षरी गाठोडे कोणाकडून आले एवढेच सांगते. आतील मालाच्या शुद्धतेची ग्वाही ती देऊ शकत नाही.

२०२४ साली याचा दाहक प्रत्यय आला. ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या आज्ञावलीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. तिला जागे करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या संग्रहात घातलेला होता, आणि डेबियन अथवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असतानाच तो कार्यान्वित होई. सर्व्हरमध्ये दुरून प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. दूषित पॅकेजे तोवर डेबियनच्या चाचणी शाखेत शिरली होती; स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती.

म्हणूनच आयता संग्रह उचलण्याऐवजी उघड्या संहितेतूनच पॅकेज बांधावे, आणि त्याच संहितेतून कोणीही बांधले तरी अक्षरशः तेच पॅकेज निघावे, या दोन गोष्टींचा आग्रह आता धरला जातो. गाठोड्यावरील मोहोर पाहणे आवश्यकच आहे; पण ते कशातून बांधले गेले, हेही कोणालाही पडताळता आले पाहिजे.