रुग्णालयाचे सांडपाणी : निवड कशावरून?

जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांत एक कसोटी अशी आहे की, तिचा अर्थ शाळकरी मुलासही कळावा. रुग्णालयाने प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात मासे ठेवावयाचे. 96 तासांनंतर त्यांतील 90 टक्के जिवंत राहिले पाहिजेत. ज्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या गटारात जात नाही, त्या रुग्णालयांसाठी ही कसोटी आहे; आणि तालुक्याच्या गावी अशी गटारे कितीशी असतात, हे वाचकांस सांगावयास नको.

अशा ठिकाणी कोणती पद्धत स्वीकारावी, हा प्रश्न बहुधा निविदेतील किमतीवर सोडविला जातो. तो तसा सुटण्यासारखा नाही. हवा घुसळून गाळातील जंतू पोसणारी पद्धत असो, की प्लॅस्टिकच्या तरंगत्या चकत्यांवर ते वाढविणारी असो, घाण खाण्याचे काम शेवटी जिवंत जंतूच करतात. त्यांना अहोरात्र हवा हवी, म्हणजे अहोरात्र वीज हवी. ती बराच वेळ गेली की टाकी नासू लागते. शिवाय रुग्णालयात त्यांचा दुसरा वैरी घरातच असतो. प्रयोगशाळेतील व शस्त्रक्रियागृहातील द्रव उगमाशीच निर्जंतुक करावेत, हा नियम रास्तच आहे. परंतु प्रत्येक मोरीत मापाशिवाय ओतलेले फिनेल आणि हायपोक्लोराइट पुढील टाकीतील उपकारक जंतूंचाही बळी घेते. यावर तोडगा म्हणून कोणी नुसतीच क्लोरीनची टाकी सुचवितात. ती स्वस्त पडते खरी, पण कच्च्या मैल्यातील सेंद्रिय द्रव्यच बहुतेक क्लोरीन गिळून टाकते व रोगजंतू निसटतात. क्लोरीनची जागा अखेरची आहे, पहिली नव्हे.

आता हिशेब पाहा. 100 पर्यंत खाटांच्या रुग्णालयासाठी दर खाटेमागे रोज 340 लिटर पाणी धरण्याचा भारतीय प्रमाणकाचा दंडक आहे. म्हणजे 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयास सुमारे 10 हजार लिटर. नेमक्या एवढ्याच पाण्यासाठी काठमांडूच्या पूर्वेस धुलिखेल येथील रुग्णालयाने 1997 साली एक व्यवस्था उभारली : आधी तीन कप्प्यांची निवळण टाकी, मग वाळू-खडीत लावलेल्या वेताच्या जातीच्या गवताचे दोन वाफे. जागा सुमारे 260 चौरस मीटर. पाणी उताराने वाहते, विजेचा पंप नाही. पुढे रुग्णालय वाढले आणि पाणी मूळ अंदाजाबाहेर गेले, हा धडाही तेथूनच घ्यावयाचा.

मुंबई-पुण्याच्या दाटीत एवढी जागा कोठून मिळणार? तेथे यंत्रच हवे, आणि ते जाणणारा माणूसही. पण ज्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाराचा मोठा भाग बाभळींनी व्यापलेला असतो, तेथेही पाहणी न करता यंत्रच मागविले जावे, हे अनाकलनीय आहे. वाफ्यांनी औषधांचे सारे अंश निघून जातात असा दावा मी करणार नाही. सामान्य यंत्रांनीही ते जात नाहीत.

तेव्हा निविदेच्या तक्त्यात किमतीशेजारी आणखी रकाने असावेत : पाच वर्षांची वीज व डिझेल, चालकाचा पगार, आणि गाळ उचलण्याचा खर्च. तो गाळ शेतात टाकण्याजोगा नसतो; नियमानुसार तो सामायिक जैववैद्यकीय कचरा केंद्राकडे जाळण्यासाठी किंवा घातक कचरा केंद्राकडे विल्हेवाटीसाठी पाठवावा लागतो, आणि असे केंद्र पुष्कळदा दूरच्या शहरात असते.