गोळी घरची, दारू बाहेरची

युक्रेनच्या युद्धाला तोफगोळे पुरत नाहीत, ही बातमी आता शिळी झाली. पण 2024 मध्ये राइनमेटाल या जर्मन शस्त्रकंपनीच्या प्रमुखांनी त्यामागचं एक कारण सांगितलं, तेव्हा संरक्षण खात्याच्या आधी आपल्या कापूस पणन महासंघाने कान टवकारायला हवे होते. तोफेच्या दारूसाठी युरोपला लागणारे कापसाचे आखूड तंतू, म्हणजे लिंटर, सत्तर टक्क्यांहून अधिक चीनमधून येतात, असं ते म्हणाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अलायंट या नावाजलेल्या दारूचा किरकोळ पुरवठा थांबवण्यात आला. कारण तेच. लिंटरपासून बनणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचा तुटवडा. आणि वर्ष संपता संपता फेडरल, सीसीआय, स्पीअर, रेमिंग्टन ही काडतुसांच्या दुनियेतली अस्सल अमेरिकन नावं दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला एका चेक उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली.

तोफगोळ्यांवर भरपूर लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते या तुटवड्यात चिरडल्या गेलेल्या एका छोट्या गिऱ्हाइकाचं. आयडाहो, मोंटाना किंवा टेक्सासमध्ये घराच्या गॅरेजात बाकडं टाकून स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरणारा हा माणूस. ‘मी कुणावर अवलंबून नाही’ हा त्याचा बाणा. तो कितपत खरा आहे, ते बघू.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, पोटातली दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी गेली. उरते ती पुंगळी, आणि तीच सगळ्यात महाग. ती पुन्हा पुन्हा भरता येते. ऑटोमॅटिक पिस्तूल रिकामी पुंगळी गवतात भिरकावून देतं, मग मालक ओणवा होऊन शोधत बसतो. रिव्हॉल्व्हर शहाणं. सहाच्या सहा पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात, दांडी दाबली की तळहातावर पडतात. घरी काडतुसं भरण्याचा नाद रिव्हॉल्व्हरवाल्यांत एवढा मुरला त्याचं निम्मं कारण हे.

पुढचं काम बैठकीचं. मक्याच्या बुरकुंडाच्या भुग्यात घोळवून पुंगळ्या लखलखीत करायच्या. मग तरफेच्या यंत्रात एकेक पुंगळी डायमधून दाबायची. उडताना फुगलेलं पितळ मूळ मापाला येतं आणि त्याच दाबात जुनी टोपी खाली पडते. नवी टोपी बसवायची, तोंड जरासं फाकवायचं, दारू मोजून ओतायची, गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीची कड गोळीच्या खाचेत आत वळवायची. ही शेवटची पायरी दिसायला किरकोळ आहे, पण रिव्हॉल्व्हरमध्ये सगळा जीव तिथे असतो. एक बार उडतो तेव्हा उरलेली पाच काडतुसं झटक्याने मागे येतात, पण त्यांतल्या गोळ्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात. कड सैल असेल तर गोळी हळूहळू पुंगळीतून पुढे सरकते, तिचं नाक सिलिंडरबाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. नेम धरून उभा असलेल्या शिकाऱ्याच्या हातात मग लोखंडाचा ठोकळा उरतो.

दुसरा धोका याहून वाईट. .38 स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं, तेव्हाच्या काळ्या दारूच्या मापाने. काळी दारू पुंगळी भरून लागायची. आजची बिनधुराची दारू इतकी जोरकस आहे की तिला त्याच पुंगळीचा तळच पुरतो. म्हणजे चुकून एका पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती उतू जात नाही, आणि गोळी निमूट वर बसते. बार उडेल तेव्हा हातात काय राहील ते सांगता येत नाही. उलट, दारू पडायचीच राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात अडकते आणि मागून दुसरी येते. म्हणून मुरलेला माणूस गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करतो आणि विजेरी धरून प्रत्येकीच्या पोटात डोकावतो. या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं. रेडिओसुद्धा बंद.

हे सगळं कशासाठी? ‘स्वस्त पडतं’ हे ठरलेलं उत्तर, आणि त्यावर माझा फारसा विश्वास नाही. काडतूस स्वस्त पडलं की माणूस दुप्पट उडवतो, हे त्या दुनियेतले लोकच हसत हसत कबूल करतात. खरं कारण नेमाचं आहे. कागदाच्या लक्ष्यावर मारणाऱ्याला गोळी जोरात जायला नको असते, एकसारखी जायला हवी असते. त्यासाठी सपाट तोंडाची, डब्यासारखी दिसणारी गोळी वापरतात. ती कागदाला पंच केल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते, मग गुण मोजताना वाद नको. शिकाऱ्याचं गणित वेगळं. रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलच्या मानाने संथ, त्यामुळे ती अंगात जाऊन पसरेलच याचा भरवसा नाही. त्याला जड, कठीण आणि नाकाशी रुंद सपाट गोळी लागते. ती सरळ आरपार जाते आणि जनावर तडफडत पळत नाही. रिव्हॉल्व्हरने हरीण मारणं मला शिकारीपेक्षा हट्टच जास्त वाटतो. पण हट्टी माणसांनीच या क्षेत्रात नवं काही केलं, हे मान्य करावं लागतं.

त्या हट्टी माणसांचा मेरुमणी म्हणजे एल्मर कीथ. जन्म 1899, मिसुरीतला. लहानपणी हॉटेलला लागलेल्या आगीत भयंकर भाजला, तरी मोठेपणी गुरांमागे घोडेस्वारी केली आणि शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला. पुढे आयडाहोतल्या सॅमन गावी राहिला. भलीमोठी हॅट, तोंडात चिरूट आणि बोलणं असं की समोरच्याने हो म्हणावं नाहीतर उठून जावं. 1925 च्या चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आनंदाचे बार काढताना त्याचं .45 कोल्ट हातात फुटलं. त्यात त्यानेच भरलेली जाड गोळीची काडतुसं होती. सिलिंडरचा वरचा भाग आणि त्यावरचा पोलादी पट्टा उडून गेला. दुसऱ्या कुणी देवाला नारळ फोडून नाद सोडला असता. कीथने फुटलेल्या रिव्हॉल्व्हरची हकीकत लिहून मासिकाकडे पाठवली आणि लेखक म्हणून त्याचा धंदा सुरू झाला.

यातून त्याने धडा घेतला तो असा: .45 च्या सिलिंडरच्या भिंती पातळ, म्हणून तेवढ्याच सिलिंडरला .44 स्पेशल वापरावं, भोक लहान म्हणजे भिंत जाड. मग पुढची तीसेक वर्षं तो .44 मध्ये जोरकस काडतुसं भरत राहिला. गोळीचा आकारही स्वतः आखला, सपाट नाकाची आणि खांद्याशी धारदार कड असलेली. तिचे साचे आजही विकले जातात. आणि कारखान्यांच्या मागे लागला की हे तुम्हीच बनवा. कारखाने घाबरत होते, कारण जुन्या, नाजूक .44 रिव्हॉल्व्हरमध्ये कुणी ते घातलं तर? शेवटी युक्ती निघाली ती पुंगळी इंचाचा आठवा भाग लांब करण्याची, म्हणजे ती जुन्या सिलिंडरमध्ये मावणारच नाही. .357 मॅग्नमच्या वेळी 1935 मध्ये हीच युक्ती केलेली होती. 1955 च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .44 मॅग्नम आणलं. 1971 मध्ये क्लिंट ईस्टवुडने ‘डर्टी हॅरी’त ते हातात धरलं आणि ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नव्हती त्यांनाही ते माहीत झालं.

कारखान्याच्या गोळीचं शिसं कीथला मऊ वाटलं. तो आपली ओतीव गोळीच वापरत राहिला. याच रिव्हॉल्व्हरने सहाशे यार्डांवरचं जखमी हरीण पाडल्याचा त्याचा दावा आहे. सहाशे यार्ड म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटर, आणि तेही हातातल्या रिव्हॉल्व्हरने. मला तो पचत नाही. आपल्या आत्मचरित्राला त्याने ‘हेल, आय वॉज देअर!’ असं नाव दिलं, त्यावरून असे प्रश्न त्याला किती जणांनी विचारले असतील याचा अंदाज येतो.

पण कीथसुद्धा गोळीच ओतू शकत होता. पितळ, टोपी आणि दारू विकतच आणावी लागायची. टोपीतलं स्फोटक नखाएवढंही नसतं, पण ते घरी करायला बसणारा माणूस फार दिवस बसत नाही. दारूचं तर विचारूच नका. या हौसेला खरं बाळसं आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारकडे टनावारी दारू उरली होती. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन या गृहस्थाने आयुर्विम्यावर कर्ज काढून ती घेतली आणि मासिकांत जाहिरात देऊन थोडी थोडी विकली. आज तो अमेरिकेतला दारूचा मोठा व्यापार आहे. थोडक्यात, ज्या स्वावलंबनाचा एवढा अभिमान, ते उभंच राहिलं एका युद्धाच्या उरलेल्या मालावर. दुसरं युद्ध पेटलं आणि माल तोफांकडे वळला, तर तक्रार कुणाकडे करायची?

आता कापसाकडे येतो. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर बारीक लव राहते. तेलाच्या गिरणीत सरकी फोडण्याआधी ती लव खरवडून काढतात, तेच लिंटर. सूत काढायला निरुपयोगी, पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. 1846 मध्ये बाझलच्या शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली आणि धूर न करता भडकणारा कापूस मिळाला. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने त्याला बंदुकीत वापरण्याजोगं शिस्तीचं रूप दिलं. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट 1915 मध्ये, ब्रिटनने कापूस हा युद्धनिषिद्ध माल जाहीर केला, तो जर्मनांच्या दारूची रसद तोडायला. जर्मन लाकडाच्या लगद्याकडे वळले. आजही तोच पर्याय चाचपून पाहिला जातो आहे.

हेच नायट्रोसेल्युलोज आपल्याकडे फाळक्यांच्या काळापासून सिनेमाच्या फितीत होतं. 2003 च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले. सिनेमाची फीत आणि बंदुकीची दारू, दोन्हींचं पोट एकच.

गोळी तरी घरची, असं म्हणावं तर तिथेही कायदा आडवा आलाय. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदा करून शिकारीत शिशाच्या गोळीवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, ती 1 जुलै 2019 पासून पूर्ण लागू झाली. कारण काँडोर गिधाडं. शिकाऱ्याने टाकून दिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन ती मरत होती. 1982 मध्ये जगात 22 कॅलिफोर्निया काँडोर उरले होते. आपण डायक्लोफेनॅकपायी गिधाडं घालवली आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, म्हणून ही बंदी मला रास्तच वाटते. तांब्याची गोळी बाकड्यावर ओतता येत नाही, हे शिकाऱ्यांचं दुःख मला गिधाडाएवढं मोठं वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने मिटलेला आहे. शस्त्र कायदा 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची हौसही संपवली. कोकणातली ठासणीची बंदूक दर बाराला हाताने भरतात, पण ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. नेमबाजीत राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं ते .22 ने, आणि .22 घरी भरताच येत नाही, कारण त्याचं टोपीतलं स्फोटक पुंगळीच्या काठातच मुरवलेलं असतं. जसपाल राणाने 2006 मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत विश्वविक्रमाशी बरोबरी केली तो सेंटरफायर, म्हणजे बुडात वेगळी टोपी असलेल्या काडतुसाचा, प्रकार .32 चा. तेच काडतूस आपल्या सरकारी कारखान्याच्या .32 रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं. पण इथल्या नेमबाजाला ते विकतच घ्यावं लागतं.

तेव्हा कुणी मराठी वाचक हे वाचून बाकडं टाकायला निघाला असेल तर त्याने परत फिरावं. आपला या सगळ्याशी संबंध उरतो तो सरकीपुरता. विदर्भ-खानदेशातला शेतकरी कापूस विकतो तो सरकीसकट. लिंटरचा भाव पुढे तेलगिरणीत ठरतो, आणि युरोपात त्याची कितीही ओढाताण झाली तरी शेतकऱ्याच्या पट्टीवर त्याची वेगळी ओळ नसते. ती ओळ मागायला पणन महासंघाला ही टंचाई पुरेशी आहे.