फडातला धीर

धीर उपजत असतो, शिकून येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. शिराळा तालुक्यातल्या ऊसतोडीच्या दिवसांतले वनरक्षकाचे काम जवळून पाहिले तर हे म्हणणे टिकत नाही. पश्चिमेला चांदोली, २००४ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. इकडे वारणा-मोरणेच्या काठी माणूसभर उंचीचा दाट ऊस. बिबट्याची मादी फडातच विते आणि तोड सुरू झाली की पिल्ले उघडी पडतात. गाव गोळा होते, प्रत्येकाला फोटो हवा असतो. वनरक्षक आधी तोड थांबवतो, माणसे मागे सारतो. पिल्ले पशुवैद्यकाला दाखवून संध्याकाळी ती जिथे सापडली नेमक्या त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात, बाजूला कॅमेरे लावले जातात आणि सगळे लांब जाऊन थांबतात. अंधारात मादी येते, क्रेट कलंडवते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच क्रम.

यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. चवताळलेली मादी जवळपास आहे हे ठाऊक असताना भीती जात नाही. पण पुढचे काम ठरलेले असल्यामुळे ती हातापायांत उतरत नाही. घाईची किंमत जुन्नरने मोजली आहे. तिथे २००१ नंतर बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या अभ्यासात दिसले, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले.

कुणी म्हणेल, वनरक्षकामागे खाते असते, साधने असतात; साध्या माणसाने काय करावे? रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी हेच करतो. सोबतीला जोडीदार, हातात काठी आणि बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने गाणी, आणि रानात एकट्याने वाकून बसायचे नाही. या चार सवयी अंगवळणी पडलेला माणूस बांधावर वेगळा चालतो. रानाबाहेरही तसेच: मुलाखत असो की घरातले आजारपण, आधी काय करायचे आणि कुणाला हाक मारायची हे ठरलेले असले की मनाला उभे राहायला जागा मिळते.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: सतत सावध राहणारा माणूस आतून झिजतो. झिजतोच. म्हणून राखणीत पाळी असते, दुसरा आला की पहिल्याने झोपायचे असते. जो एकट्याने सगळ्या रात्री जागतो, त्याचा निर्णय आधी चुकतो. आणि धीर शिकवता येतो म्हणून धोका तसाच ठेवायची मुभा कुणाला मिळत नाही. शेतकऱ्यांना काठी-बॅटरीचे धडे जरूर द्यावेत, पण शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली तर त्यातल्या कितीतरी जणांना त्या अंधारात उतरावेच लागणार नाही.