पुराचा नकाशा काढताना मदतनिसाला काय विचारावे?

लेखमाला : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपले काम – भाग ७

उपग्रहांच्या प्रतिमा मोफत कुठे मिळतात, ते मागच्या भागात पाहिले. आज पुढची पायरी. प्रतिमा फुकट आहे, ती हाताळणारे सॉफ्टवेअरही फुकट आहे. तरीही ते उघडल्यावर मेनूंच्या रांगा पाहून भूगोलाचा विद्यार्थी किंवा गावचा शिक्षक तिथेच अडतो. या ठिकाणी चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखे मदतनीस किती उपयोगी पडतात, ते कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याच्या विषयावरच तपासू. तो विषय म्हणजे पंचगंगेचा पूर.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्येही तसाच महापूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. चिखली-आंबेवाडीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पाणी कुठवर पसरले, हे वरून पाहायला साधा कॅमेरा कामाचा नाही. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलेच असते.

इथे युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह उपयोगी पडतो. त्याच्या साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून आरपार जातात. खडबडीत जमिनीवर आदळून त्यांतल्या काही उपग्रहाकडे परततात. संथ पाण्यावरून मात्र त्या पलीकडे निघून जातात, म्हणून प्रतिमेत पाणी काळे दिसते.

ही प्रतिमा हाताळायला त्याच संस्थेचे ‘स्नॅप’ हे सॉफ्टवेअर आहे. उपग्रहाच्या कक्षेची दुरुस्ती, कॅलिब्रेशन, रडारचे ठिपके गाळणे, डोंगरदऱ्यांनुसार प्रतिमा जागेवर बसवणे आणि शेवटी कोणत्या मूल्याखाली पाणी मानायचे ते ठरवणे, अशी कामे क्रमाने करावी लागतात. एक पायरी चुकली की पुढचे सगळे बिघडते. आतापर्यंत हे शिकायला जाणकार माणूस शेजारी बसायला लागायचा. आता मदतनिसाला मराठीतून विचारता येते. मात्र नुसते ‘पुराचा नकाशा कसा काढू?’ असे विचारू नये. सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्रतिमेचा प्रकार, परिसर आणि हेतू सांगावा, आणि प्रत्येक पायरी का करायची तेही विचारावे. आवृत्ती सांगितली नाही, तर तुमच्या पडद्यावर नसलेले बटणही तो बेधडक दाबायला सांगतो.

एक अडचण जवळून पाहू. मदतनीस सांगतो, ‘उणे १५ पेक्षा कमी ते पाणी.’ तुम्ही तसे सूत्र लिहिता आणि नकाशा कोरा येतो. ऐन महापुरात कोल्हापुरात पाण्याचा थेंब नाही! कारण साधे आहे. उणे १५ हा आकडा डेसिबलमधला आहे, तर कॅलिब्रेशननंतर तुमच्या हाती आलेली मूल्ये साध्या प्रमाणातली असतात. ती शून्याखाली जातच नाहीत. उणे १५ डेसिबल म्हणजे साध्या प्रमाणात सुमारे ०.०३. अशा वेळी ‘माझ्या प्रतिमेतले सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मूल्य इतके आहे, माझे एकक कोणते?’ असे विचारले की चूक बहुधा लगेच सापडते. तुमच्या पडद्यावर काय आहे ते मदतनिसाला आपोआप दिसत नाही. आकडे किंवा पडद्याचे चित्र आपणच द्यावे लागते. शिवाय उणे १५ हा आकडाही पक्का समजू नये. आपल्याच प्रतिमेचा आलेख काढून पाणी आणि जमीन कुठे वेगळी होते ते पाहावे.

सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांवर काम करणारे शास्त्रज्ञही याच वाटेने निघाले आहेत. ‘नापारी’ या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला ‘ओमेगा’ हा मदतनीस साध्या वाक्यातली सूचना वाचून लागणारा प्रोग्राम स्वतः लिहितो. त्यावरचा शोधनिबंध २०२४ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये आला.

पण नकाशा तयार झाला म्हणजे काम संपले असे नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी गुळगुळीत असल्याने रडारला काळी दिसते. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांआड लहरी पोहोचत नाहीत, तिथेही काळे डाग पडतात. रंकाळा आणि कळंबा तलाव तर बारमाही काळेच. म्हणून पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवून फरक काढायचा.

उसाचे दुखणे याच्या उलट. उंच उसाच्या बुडात पाणी साचले असले, तरी या लहरी पानांतच अडकतात आणि बुडालेले शेत कोरडे दाखवले जाते. ३० जुलै २०२५ ला सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाच्या लहरी जास्त लांब आहेत. त्या पानांच्या आत अधिक खोल शिरतात. शिरोळसारख्या ऊसपट्ट्याला त्याचा खरा उपयोग आहे. आणखी एक मर्यादा वेळेची. सेंटिनेल-१ मालिकेतला एक उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो, त्यामुळे पुराचा कळस त्याच्या प्रतिमेत येईलच असे नाही.

मदतनीस सूत्र लिहून देईल, चूकही शोधून देईल. पण कोणत्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, कोणाचा ऊस किती दिवस पाण्यात होता, हे त्या गावचा माणूसच सांगेल. म्हणून नकाशा हाती आला की गावातल्या माहितीच्या जागा घ्या, ज्येष्ठांना आणि शेतकऱ्यांना विचारा आणि एकेक ठिकाण पडताळा. जिथे जुळत नाही तिथे नकाशा दुरुस्त करा. ही शासनाची पूररेषा नव्हे, हेही नकाशावर ठळक लिहा. एवढे केले, तर शाळेतल्या संगणकावर काढलेला नकाशाही ग्रामसभेत विश्वासाने मांडता येईल.

पुढील भागात : पडताळणीच्या जागा मोबाइलवर कशा टिपायच्या आणि नकाशावर कशा बसवायच्या.