हाफ क्लचवरचा घाट

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला खुलताबादकडे निघालेल्या गाड्या दौलताबादजवळ तुंबतात. तिथल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. समोरून एसटी आली की अख्खी रांग जागच्या जागी उभी, आणि थोड्याच वेळात उघड्या काचेतून करपट वास येऊ लागतो. रांगेतल्या कुणाचा तरी डावा पाय पॅडलवर अर्धाच टेकलेला असतो.

वाळूजला बजाज, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. छत्रपती संभाजीनगर गाड्या घडवणारं शहर आहे. पण इथला नवशिका गाडीवाला सपाटीवर तयार होतो. जालना रोडवरचे उड्डाणपूल सोडले तर पहिल्या गिअरला घाम फोडणारा चढ त्याच्या रोजच्या वाटेवर नसतो. तो भेटतो दौलताबादला, नाहीतर चाळीसगावकडे उतरणाऱ्या कन्नडच्या, म्हणजे औट्रम घाटात.

क्लचचं काम सांगायला सोपं: इंजिन फिरतं ठेवून चाकं थांबवायची. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये एक चकती, म्हणजे क्लच प्लेट, असते, तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग. डायफ्रॅम स्प्रिंगच्या जोरावर ती फ्लायव्हीलला घट्ट बसते. पॅडल दाबलं की सुटते. पॅडल हळूहळू सोडताना मध्ये एक जागा अशी येते की चकती धड धरलेली नसते, धड सुटलेलीही नसते. इंजिनचा आवाज बसतो, बॉनेट किंचित उचललं जातं, मागे सरकणारी गाडी थबकते. हाच हाफ क्लच. चढावर गाडी उचलायला तो हवाच, पण क्षणभर.

घोटाळा होतो तो याच जागेवर मुक्काम ठोकल्यावर. एक टनाची छोटी गाडी दहास एक अशा चढावर, पहिल्या गिअरमध्ये, नुसत्या क्लचवर धरून ठेवली आणि इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असलं, तर ढोबळ हिशेबाने दोन किलोवॅटहून जास्त शक्ती त्या चकतीत उष्णता होऊन जिरते. म्हणजे बाथरूममधला गिझर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बंद घरात चालू ठेवल्यासारखं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि फेरे दुप्पट झाले, तर गाडी तिथेच राहते, उष्णता मात्र दुप्पट होते. चढावर आवाज वाढला की आपण सुरक्षित, ही समजूत असल्या प्लेटा खाते.

गॅरेजमध्ये प्लेटपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जळलेल्या प्लेटचं लायनिंग काळं, काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, कडेला भेगा. फ्लायव्हीलवर निळसर डाग. लायनिंग फारच झिजलं असेल तर रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेले.

यावरचा उतारा जुना आहे आणि कायद्यातही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५वा नियम सांगतो की, लायसन्सच्या परीक्षेत उमेदवाराने तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न येऊ देता पुन्हा उचलून दाखवली पाहिजे. हँडब्रेक ओढायचा, क्लच चावायला लागेपर्यंत सोडायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, मग हँडब्रेक खाली. थांबायचं असेल तोवर न्यूट्रल आणि ब्रेक. इतकंच. पण रांगेत मागचा बंपरला चिकटून हॉर्न वाजवत असला की हात हँडब्रेककडे जातच नाही.

मग यंत्रानेच हे काम अंगावर घेतलं. अमेरिकेत स्टुडबेकरने १९३६ मध्येच ‘हिल होल्डर’ दिला होता. आजच्या गाड्यांतला हिल होल्ड ब्रेकवरून पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद दाब धरून ठेवतो. पाय हलवायला तेवढे पुरतात. घाटातल्या रांगेला अर्थातच पुरत नाहीत.

खरी काळजी वाटते ती एएमटीची, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हणून घरोघरी पोचली. तिच्यात क्लचचं पॅडल नाही, क्लच मात्र तोच आहे. डाव्या पायाचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. पॅडलच नाही म्हटल्यावर मालक चढावर ब्रेक सोडून हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो, आणि आतली यंत्रणा मुकाट्याने प्लेट घासत राहते. काही गाड्या अशा वेळी डॅशबोर्डवर इशारा देतात, पीं-पीं वाजवतात. तो आवाज सीटबेल्टचा समजून मागच्या सीटवर विचारपूस सुरू होते.